बडोद्यातील गल्लीबोळांतली मांजरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवीच्या आतल्या पोळांमधून, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमधून, तसेच शहराबाहेर वाढलेल्या नव्या सोसायट्यांमधून आमच्याकडे येणारे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्यांना मांजरे आवडतात आणि ज्यांना ती मुळीच नकोत, अशा दोघांनाही ती उपयोगी पडावीत, कारण मांजरांची संख्या आटोक्यात यावी ही इच्छा दोघांची असते.

गल्लीतली मांजरे गोणत्यात घालून लांब सोडून दिली तर प्रश्न मिटत नाही का?

मिटत नाही. एखाद्या गल्लीत किती मांजरे राहतील हे तिथे मिळणारे खाणे आणि आडोसा यांवर ठरते. कचऱ्याची पेटी, हॉटेलाचा मागचा दरवाजा, धान्याच्या दुकानातले उंदीर, जुन्या वाड्याचा माळा हे सगळे तिथेच राहते आणि मांजरे मात्र जातात. मोकळी झालेली जागा शेजारच्या गल्लीतली मांजरे काही महिन्यांत घेतात, शिवाय मागे राहिलेल्या एकदोन मांजरींची पिल्ले खाण्याची स्पर्धा कमी झाल्यामुळे अधिक संख्येने जगतात. नेलेल्या मांजरांपैकी काही वाट शोधत परत येतात, काही रस्त्यावर गाडीखाली सापडतात आणि उरलेली अनोळखी मुलखात तिथल्या बोक्यांशी भांडत उपाशी राहतात. पाळलेले जनावर उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय दर वर्षी नव्याने करावा लागतो, एवढीच गोष्ट तो निरुपयोगी असल्याचे सांगायला पुरेशी आहे.

मग नसबंदीने तरी संख्या कमी होते का? आमच्याकडे दोन मांजरींची केली होती, काही फरक पडला नाही.

दोन मांजरींची केली म्हणूनच फरक पडला नाही. मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा असतो, एका वेतात साधारण तीन ते पाच पिल्ले होतात आणि आधीची पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. मांजरीचा माज दिवसाच्या प्रकाशाशी बांधलेला असतो. थंड देशांत हिवाळ्याचे काही महिने तो थांबतो, पण आपल्या अक्षांशांवर प्रकाश वर्षभर बऱ्यापैकी मिळत असल्याने ही विश्रांती फारशी मिळत नाही. अशा वेगापुढे दहा मांजरांतली दोन थांबवून काहीच दिसत नाही.

फरक दिसायचा असेल तर एका ठिकाणच्या मांजरांपैकी निदान सत्तर टक्क्यांची, आणि शक्यतो सगळ्यांची, थोड्या काळात नसबंदी झाली पाहिजे. म्हणून आमचा आग्रह असा असतो की पाच गल्ल्यांतली दोन-दोन मांजरे घेण्याऐवजी एकाच गल्लीतली दहाही घ्यावीत आणि मगच पुढच्या गल्लीकडे वळावे. पहिल्याच वर्षी मांजरे कमी झालेली दिसणार नाहीत, कारण असलेली तिथेच राहतात. दिसेल ते एवढेच की पावसाळ्यात जिन्याखाली नवी पिल्ले नाहीत आणि रात्री बोक्यांच्या भांडणांचा आवाज नाही. संख्या त्यानंतर हळूहळू घटते. मध्ये बाहेरून एखादे नवे मांजर येतेच, आणि ते वेळीच ओळखून त्याचीही नसबंदी केली नाही तर सगळे काम दोन वर्षांत पाण्यात जाते.

मांजरे मोजायची कशी? ती तर एकसारखीच दिसतात.

एक वही घ्यावी आणि दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी खाणे ठेवून जी मांजरे येतील ती टिपावीत. रंग, शेपटीची गाठ, डोळ्याचा दोष, कानाची चीर असे काहीतरी प्रत्येकाचे वेगळे असते. मोबाइलवर दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेतले तर वाद राहत नाही. काळा, पांढरा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नेहमी मांजरीच असते आणि पूर्ण नारिंगी मांजर बहुधा बोका असतो, हे ठाऊक असले की लांबूनही बराच अंदाज येतो. आमच्या गल्लीत सगळे जण सहा मांजरे आहेत असे सांगत होते. वही भरल्यावर ती दहा निघाली, कारण दोन करड्या मांजरींना लोक एकच समजत होते आणि तीन मांजरे रात्री अकरानंतरच खाली उतरत होती.

पकडायचे कसे? हात लावू देत नाहीत, फिस्कारतात.

हाताने पकडायचेच नाही. मांजराचा चावा लहान दिसतो, पण दात सुईसारखे असल्याने जंतू खोल जातात आणि जखम चिघळते. मांजर आत शिरल्यावर मागे झडप पडते असा जाळीचा पिंजरा लागतो. तो प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे किंवा काही पशुवैद्यांकडे काही दिवसांसाठी मिळतो. उंदरांच्या पिंजऱ्याचाच तो मोठा भाऊ, पण लांबी निदान अडीच फूट हवी, नाहीतर झडप शेपटीवर पडते.

पिंजरा आणला की लगेच लावू नये. तीन-चार दिवस झडप दोरीने वर बांधून ठेवावी आणि रोजचे खाणे आधी पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग मध्ये, मग अगदी मागच्या टोकाला ठेवावे. जाळी पंजांना टोचते म्हणून तळाला वर्तमानपत्र पसरावे. पकडण्याच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत कोणीच खाणे घालू नये. हे सगळ्यात अवघड काम आहे, कारण एखाद्या आजी दया येऊन दुसऱ्या मजल्यावरून पोळी टाकतातच आणि पोट भरलेले मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आमिष म्हणून वास दरवळेल असे काही लागते. भाजलेल्या सुक्या बोंबलाचा एक तुकडा जे काम करतो ते महागडे डबाबंद खाणे करत नाही, हा आमचा अनुभव आहे. अर्थात शेजारी कडक शाकाहारी असतील तर बोंबील कुठे भाजायचा हेही आधी ठरवावे लागते.

झडप पडताच मांजर जाळीवर धडका देऊ लागते. त्याच क्षणी पूर्ण पिंजऱ्यावर जाड चादर टाकावी. अंधार झाला की बहुतेक मांजरे अर्ध्या मिनिटात गप्प होतात. एका पिंजऱ्यात एकच मांजर ठेवावे, पिंजरा लावून घरी झोपायला जाऊ नये आणि मे महिन्यात दिवसा पिंजरा लावूच नये, कारण बडोद्याच्या उन्हात पत्र्याशेजारी ठेवलेल्या पिंजऱ्यात मांजर थोड्या वेळात मरू शकते. उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, आठवडाही टाळावा. अगाश्या (गच्च्या) माणसांनी भरलेल्या असतात, वरून रात्रंदिवस आरडाओरडा चालतो आणि घाबरलेली मांजरे नेहमीच्या जागी येत नाहीत.

पकडलेल्या मांजरीचे आचळ फुगलेले आणि भोवतालचे केस झडलेले दिसले तर ती पिल्लांना पाजत असावी. तिला ठेवून घेतले तर कुठेतरी माळ्यावर पिल्ले उपाशी राहतील. तिला तिथेच सोडावे आणि पिल्ले सहा-आठ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागल्यावर पुन्हा पकडावे.

शस्त्रक्रिया कोण करते आणि मांजर किती दिवस ठेवावे लागते?

महानगरपालिकांच्या नसबंदी मोहिमा मुख्यत्वे कुत्र्यांसाठी असतात. मांजरांसाठी खाजगी पशुवैद्य किंवा प्राणिकल्याण संस्था गाठावी लागते. आधी फोन करून रानटी वागणाऱ्या मांजराला पिंजऱ्यातच भूल देण्याची त्यांची सोय आहे का, हे स्पष्ट विचारावे. सगळ्यांकडे ती नसते. एकदा एका दवाखान्यात पाळीव मांजर समजून पिंजऱ्याचे दार उघडले गेले आणि पुढचे दोन तास आम्ही सगळे औषधांच्या कपाटामागे वाकून बसलो होतो.

बोक्याला साधारण दुसऱ्या दिवशी सोडता येते. मांजरीचे पोट उघडावे लागत असल्याने तिला दोन-तीन दिवस ठेवणे बरे, नेमके डॉक्टर सांगतील तसे. टाके विरघळणारे घालण्यास सांगावे, कारण टाके काढण्यासाठी तेच मांजर दुसऱ्यांदा पिंजऱ्यात येणार नाही. भूल उतरण्याआधीच रेबीजची लसही देऊन घ्यावी. सोडायचे ते जिथून पकडले तिथेच, शंभर मीटर पुढेही नाही. नसबंदीनंतर काही आठवडे बोक्याच्या शरीरात शुक्राणू शिल्लक असू शकतात, म्हणून महिन्याभरात एखादी मांजरी गाभण राहिली तर लगेच डॉक्टरांना दोष देऊ नये.

कानाचे टोक का कापतात? क्रूर वाटते.

मांजर भुलेत असतानाच एका कानाचे जेमतेम एक सेंटिमीटर टोक सरळ रेषेत काढतात. त्याला दुखत नाही आणि पुढे आयुष्यभर लांबूनच कळते की याची नसबंदी झालेली आहे. ही खूण नसेल तर तीच मांजरी पुन्हा पकडली जाते, पुन्हा भूल दिली जाते आणि कधीकधी पोटही पुन्हा उघडले जाते.

शस्त्रक्रियेऐवजी गोळ्या देता येतील का?

देऊ नयेत. माज थांबवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो, आणि गल्लीत कोणत्या मांजराने किती गोळ्या खाल्ल्या हे कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या घरात मांसाहार चालत नाही. मांजरांना दूध-पोळी किंवा दहीभात घातला तर चालेल का?

हा बडोद्यातला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोडे कटू आहे. मांजर हे निखळ मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळते, आणि ते दीर्घकाळ मिळाले नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन मांजर आंधळे होते किंवा हृदय कमकुवत होते. कुत्रा दूध-पोळीवर निभावून नेतो, मांजर तसे नेऊ शकत नाही. गल्लीतले मांजर उंदीर, पाली, टोळ मारून आपली उणीव बरीचशी भरून काढते म्हणून दूध-पोळीवर वाढलेली मांजरेही धडधाकट दिसतात, पण ते श्रेय दूध-पोळीचे नसते.

दुधाची गोष्ट वेगळीच. पिल्लूपण सरले की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांना हगवण लागते. आपण प्रेमाने बशीभर दूध ठेवतो आणि नंतर तळमजल्यावरचे लोक मांजरांनी घाण केली म्हणून भांडायला येतात, यात दोष मांजरांचा नसतो.

घरात मांस शिजवायचे नसेल तर मांजरांसाठीचे तयार कोरडे खाणे वापरावे. त्यात टॉरिन घातलेले असते, ते शिजवावे लागत नाही, वास कमी येतो आणि उरलेले उचलता येते. कुत्र्यांचे खाणे स्वस्त पडते म्हणून तेच घालण्याचा मोह टाळावा, त्यात मांजरांना पुरेसे टॉरिन असेलच असे नाही. शेजारी पाण्याची पसरट बशी मात्र हवीच, विशेषतः कोरडे खाणे देत असाल तेव्हा.

खाणे घातल्यामुळेच मांजरे वाढतात, असे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे म्हणणे आहे.

नसबंदी न करता नुसते खाणे घातले तर त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि हे मांजरप्रेमींनी मान्य करायला हवे. पण खाणे बंद केल्याने मांजरे जात नाहीत. ती कचऱ्याच्या पिशव्या फाडू लागतात, पसरतात आणि मोजता किंवा पकडता येईनाशी होतात. ठरलेल्या वेळी खायला येणारे मांजरच पिंजऱ्यात येते.

वेळ आणि जागा ठरवून खाणे घालावे, अर्ध्या तासाने भांडी उचलावीत आणि जागा पुसून घ्यावी. जिना, लिफ्टसमोरची जागा, मुलांच्या खेळण्याचे ठिकाण आणि मुख्य दरवाजा टाळावा. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम मुख्यतः कुत्र्यांविषयी असले, तरी त्यांतील परिसरातील प्राण्यांना खाणे घालण्याविषयीचा नियम हेच सांगतो, आणि अशी जागा ठरवून देण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवर टाकतो. सेक्रेटरींशी वाद घालण्यापेक्षा नियमाची प्रत आणि नसबंदी झालेल्या मांजरांची यादी त्यांच्या हातात दिल्याने काम लवकर होते.

बोके दारावर लघवीचा फवारा मारतात, मांजरे कुंड्यांत घाण करतात. काय करावे?

फवारा मारणे हे बोक्याने आपली हद्द सांगणे असते आणि नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांत ते थांबते किंवा फार कमी होते. कुंड्यांतल्या मातीवर मोठे खडे किंवा विटांचे तुकडे पसरले की उकरता येत नाही. आवाराच्या एका कोपऱ्यात कोरड्या वाळूचा ढीग ठेवून तो दररोज साफ केला, तर मांजरे कुंड्या सोडून तिकडेच जातात.

फिनाईल शिंपडू नये. मांजर त्यावरून चालते, पंजे चाटते आणि फिनाईलमधली द्रव्ये त्याच्या यकृताला पेलत नाहीत. डांबरगोळ्याही विषारी आहेत, मांजरांना आणि त्या तोंडात घालणाऱ्या लहान मुलांनाही. तिखट टाकल्याने डोळे आणि नाक पोळते, मांजर मात्र दुसऱ्या दिवशी परत येते. निळ्या पाण्याच्या बाटल्या दारात ठेवण्याने काही होत नाही, पण निदान अपायही होत नाही.

घरात गरोदर बाई आहे. मांजरांमुळे धोका आहे का?

धोका आहे, पण समजला जातो त्यापेक्षा कमी. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, तोही बहुधा पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच, आणि बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळू रोज साफ करावी आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. बागेत हातमोजे घालावेत. न धुतलेली भाजी आणि कच्चे राहिलेले मांस यांतूनही हा संसर्ग होतो, मांजरावरच सगळे खापर फोडू नये.

मांजराने चावले किंवा नख मारले तर?

साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी, हळद किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज मांजरांपासूनही होतो. तो झाल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही, लस वेळेवर घेतली तर मात्र तो टाळता येतो. त्यामुळे मांजर ओळखीचे आहे म्हणून थांबणे योग्य नाही.

जिन्याखाली पिल्ले सापडली आहेत, आई दिसत नाही. उचलावीत का?

लगेच नाही. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतातच. ती एकेक पिल्लू उचलून नेत असेल आणि आपण मध्ये उभे असल्यामुळेच येत नसेल. लांब जाऊन काही तास लक्ष ठेवावे. पिल्ले पोट भरून शांत झोपलेली असतील तर आई आहे. सतत ओरडत असतील, अंग गार असेल आणि रात्र होऊनही आई आली नाही, तर उचलावीत.

आधी ऊब द्यावी, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजले तर ते पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवावी. गाईम्हशीचे दूध देऊ नये, मांजराच्या पिल्लांसाठी तयार मिळणारी दुधाची भुकटी वापरावी. पिल्लाला पालथे ठेवूनच पाजावे, माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. डोळे न उघडलेल्या पिल्लाला स्वतःहून लघवी करता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने पोटाखालचा भाग हलकेच पुसावा लागतो. आई हे जिभेने करते. पिल्लू माणसाळवायचे असेल तर वयाचे दोन ते सात आठवडे हा काळ महत्त्वाचा असतो.

जखमी मांजर दिसले तर कोणाला बोलवावे?

गुजरातमध्ये १९६२ या क्रमांकावर करुणा पशु-रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत मांजराला खोक्यात, अंधारात ठेवावे. घरातली क्रोसिन किंवा पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये, मांजर त्या एका गोळीने मरू शकते.

कोणी विष घातले असा संशय आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला विष घालणे किंवा ठार मारणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मृत मांजर पुरून टाकण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, पोलिसांत लेखी तक्रार द्यावी आणि शवविच्छेदनाची मागणी करावी. संशयिताचे नाव सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये. अनेकदा विष उंदरांसाठी ठेवलेले असते आणि मेलेला उंदीर खाऊन मांजर मरते.

पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला तर या मांजरांचे काय होते?

मांजरे वर चढतात आणि तिथेच अडकतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीकाठच्या वस्त्यांत दिवसेंदिवस पाणी होते आणि मगरींच्या बातम्यांपुढे मांजरांकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. जुलैपासून पंधरा दिवसांचे कोरडे खाणे हवाबंद डब्यात वरच्या मजल्यावर ठेवावे आणि गच्चीचे दार पुराच्या दिवसांत उघडे ठेवावे. वही येथेही कामी येते, कारण पाणी ओसरल्यावर कोण आले नाही हे तीच सांगते.

आमचा जुना वाडा पाडून तिथे फ्लॅट होणार आहेत. तिथल्या आठ मांजरांना तरी हलवावे लागेलच ना?

स्थलांतराला खरे कारण असलेला हा एकच प्रसंग, आणि दांडिया बाजारात तो आता वारंवार येतो. शक्य असेल तर मांजरांना दूर नेण्याऐवजी खाण्याची जागा सरकवावी. भांडे रोज चार-पाच फूट शेजारच्या आवाराच्या दिशेने न्यावे. तीन-चार आठवड्यांत मांजरे आपोआप तिकडे वळतात. त्यासाठी काम सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी बिल्डरशी बोलायला हवे. शेजारी जागाच नसेल आणि दूर नेणे भाग पडले, तर नव्या ठिकाणी एका बंद खोलीत किंवा मोठ्या जाळीत तीन-चार आठवडे ठेवून तिथेच खाणे घालावे, आणि रोज तेच माणूस खाणे घेऊन येईल असे पाहावे. त्याशिवाय सोडलेले मांजर पहिल्याच रात्री जुन्या पत्त्याकडे निघते.

पाडकामाच्या आदल्या दिवशी बॅटरी घेऊन माळा, जिन्याखालची फळकुटे, बंद पडलेली मोरी आणि कौलांखालची पोकळी स्वतः तपासावी. एका वाड्यात सगळी मांजरे हलवून झाल्यावर मजुरांनी माळ्यावरची जुनी पितळी परात ओढली, तेव्हा तिच्यामागे गोधडीच्या चिंध्यांवर डोळे न उघडलेली तीन पिल्ले होती. त्यांच्यासाठी काम चार तास थांबले आणि संध्याकाळी मांजरीने स्वतः येऊन ती एकेक करून शेजारच्या अगाशीवर नेली.